वास नाहीसा झाला म्हणजे गळती थांबली असे समजावे का?

उंबरठा (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरी स्वयंपाकासाठी वाहिनीतून येणारा नैसर्गिक वायू वापरला जातो. चार दिवसांपूर्वी रात्री साडेदहाच्या सुमारास मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तेव्हा दारातच कुजलेल्या अंड्यासारखा उग्र वास आला. शेगडीची सगळी बटणे बंद होती. यजमानांनी घाईने एक्झॉस्ट पंखा लावला, मी दिवा लावून शेगडीच्या मागे वाकून पाहिले आणि मग खिडकी उघडली. सासूबाई बराच वेळ ओट्याशेजारी बसून वाचत होत्या, पण त्यांना कसलाही वास आलेला नव्हता. आम्ही तिघेही तिथेच थांबून अंदाज घेत राहिलो. दहाएक मिनिटांत आम्हालाही वास येईनासा झाला, म्हणून खिडकी लावून आम्ही झोपलो.

सकाळी फिरायला जाऊन परत आले आणि दार उघडताच तोच वास पुन्हा आला. या वेळी मात्र आम्ही झडप बंद केली, बाहेर येऊन थांबलो आणि गॅस पुरवणाऱ्यांच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन केला. आलेल्या तंत्रज्ञाने नळी जिथे शेगडीला जोडलेली असते त्या टोकाला साबणाचा फेस लावला. फेसातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुगून फुटत होते. त्याने नळी बदलली, सांध्यांची तपासणी केली आणि तो निघून गेला. त्या बुडबुड्यांकडे पाहताना रात्रभर आपण काय उशाशी घेऊन झोपलो होतो, हे माझ्या लक्षात आले, आणि तेव्हापासून मन स्वस्थ नाही.

माझे प्रश्न असे आहेत. गळती रात्रभर सुरूच होती, तर वास मधेच नाहीसा का झाला? आमच्या हातून नेमके काय चुकले? आणि ज्यांना वासच येत नाही, अशा वडीलधाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी काय करावे?

जोडारी

ताई, आपण सगळे सुखरूप आहात हे वाचून बरे वाटले. मी बावीस वर्षे घरगुती गॅसजोडणीचे काम करतो आणि आपण सांगितलेला प्रकार मला नवा नाही. तक्रार नोंदवणारी माणसे बहुतेक वेळा "मघाशी येत होता, आता येत नाही" असेच सांगतात, आणि आम्ही फेस लावला की बुडबुडे येतातच.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाकात आहे. एकच वास सतत घेत राहिले की नाकाला त्याची सवय होते आणि काही मिनिटांत तो जाणवेनासा होतो. आपण तिघे त्याच खोलीत थांबलात, त्यातच खिडकी उघडल्याने वायू थोडा विरळ झाला, आणि दोन्हींचा परिणाम मिळून वास गेल्यासारखा वाटला. सकाळी आपण बाहेरच्या स्वच्छ हवेतून आलात, त्यामुळे नाक पुन्हा ताजे होते. म्हणून एक गोष्ट कायमची लक्षात ठेवावी: वास आला तर गळती आहे असे धरून चालावे, पण वास गेला म्हणून गळती थांबली असे कधीही धरू नये. ती थांबली की नाही हे उपकरणाने किंवा फेसाने ठरते, नाकाने नव्हे.

आता चुकांविषयी. पंखा लावणे ही त्या रात्रीची सर्वांत धोक्याची कृती होती. विजेचे बटण दाबताना आतल्या पट्ट्या एकमेकींना टेकतात किंवा सुटतात, त्या क्षणी बारीक ठिणगी उडते, आणि पंख्याच्या मोटारीतही ठिणगी पडू शकते. वायू पेटायला तेवढी ठिणगी पुरेशी असते. दिवा लावण्याचेही तेच. आणि अनेकांना हे ठाऊक नसते की चालू असलेला दिवा बंद करणे तितकेच वाईट आहे, कारण ठिणगी बंद करतानाही उडते. त्यामुळे गॅसचा वास येणाऱ्या जागेत विजेची जी वस्तू चालू असेल ती चालू राहू द्यावी, जी बंद असेल ती बंदच राहू द्यावी, आणि त्याच जागेत असलेल्या मुख्य खटक्यालाही हात लावू नये. शीतकपाट तर कुणी हात न लावता आपोआप चालू-बंद होत असते. यासाठीच तिथे उभे राहून विचार करत बसण्यापेक्षा बाहेर पडणे महत्त्वाचे असते.

वास सौम्य असेल तर क्रम असा ठेवावा. उघडी ज्योत कुठेही पेटवू नये आणि पेटलेली असेल तर बटण फिरवून विझवावी. शेगडीचे एखादे बटण अर्धवट उघडे राहिले आहे का ते पाहून बंद करावे. मग वाहिनीवरची झडप बंद करावी. तिचा दांडा नळाला समांतर असला की ती उघडी असते आणि पाव वळसा देऊन आडवा केला की बंद होते. जाता जाता खिडक्या-दारे उघडावीत, घरातल्या सर्वांना सोबत घेऊन बाहेर पडावे आणि इमारतीपासून दूर गेल्यावर फोन करावा. शेजाऱ्यांना सांगायचे असेल तर घंटी न वाजवता दारावर हाताने थाप द्यावी.

परंतु वायू सुटल्याचा फुसफुस आवाज येत असेल, संपूर्ण घर वासाने भरलेले असेल, जिन्यात वास येत असून तो कुठून येतो हे कळत नसेल, किंवा कुणाला गरगरत असेल, तर वरच्यापैकी काहीही करत बसू नये. झडप हाताशी, वाटेतच असेल तर ती फिरवावी, नाहीतर तशीच सोडून सरळ बाहेर पडावे.

आणखी एक सांगतो, कारण त्याचे मला मनापासून वाईट वाटते. पुष्कळ लोक वास आल्यावर गळती शोधायला लागतात. कुणी टॉर्च घेऊन वाकतो, कुणी पाना घेऊन सांधा आवळायला जातो, आणि काडी पेटवून सांध्यापाशी धरणारी माणसेही मी पाहिली आहेत. साबणाचे पाणी लावून सांधे पाहण्याची सवय चांगली आहे, पण ती वास येत नसताना, नेहमीच्या देखभालीचा भाग म्हणून. वास येत असताना शोध घेणे हे घरच्यांचे काम नाही.

रसायनवाचक

वरच्या उत्तरात नाकाविषयी जे सांगितले आहे, त्याला मी वासाविषयी थोडी जोड देऊ इच्छितो. नैसर्गिक वायूमध्ये मुख्यतः मिथेन असतो आणि मिथेनला रंगही नसतो, वासही नसतो. आपल्याला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या, मर्कॅप्टनसारख्या गंधकयुक्त द्रव्यांचा असतो. या प्रथेमागे एक दुःखद घटना आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या न्यू लंडन येथील शाळेच्या इमारतीखालच्या बंदिस्त पोकळीत गळतीमुळे वायू साठला होता. त्याला वास नसल्याने कुणालाही त्याचा पत्ता लागला नाही, आणि कार्यशाळेतील एका विद्युत यंत्राच्या ठिणगीने तो पेटला असे मानले जाते. त्या स्फोटात सुमारे ३०० जण मृत्युमुखी पडले आणि त्यांत बहुतेक मुले होती. गंधद्रव्य मिसळण्याची पद्धत त्याआधीही माहीत होती, पण ते सक्तीचे करणारा कायदा टेक्सासमध्ये या घटनेनंतर झाला.

मिथेन हवेत कितीही असला तरी पेटतो असे नाही. आकारमानाने साधारण ५ टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंत प्रमाण असताना तो पेट घेतो. त्याहून कमी असेल तर मिश्रण फार विरळ असते आणि त्याहून जास्त असेल तर ज्वलनाला प्राणवायू अपुरा पडतो. अमेरिकेतील नियमांनुसार गंध इतका असावा लागतो की खालच्या मर्यादेच्या एक पंचमांश, म्हणजे सुमारे १ टक्का वायू हवेत असतानाच सामान्य माणसाला तो सहज ओळखू यावा. म्हणजे वास हा वेळेच्या बराच आधी मिळणारा इशारा असतो. मात्र तो इशारा मिळाल्यावर हाताशी असलेला वेळ तिथे उभे राहून घालवला, तर त्याचा उपयोग राहत नाही.

किती वेळ असतो, याचा एक ढोबळ हिशेब मांडतो. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत २७ घनमीटर हवा मावते. त्याचे ५ टक्के म्हणजे सुमारे १.३५ घनमीटर. दोन किलोवॅट क्षमतेचा बर्नर न पेटवता पूर्ण उघडा राहिला तर त्यातून तासाला जवळजवळ ०.२ घनमीटर वायू बाहेर पडतो, म्हणजे पूर्ण बंद खोलीत सरासरी ५ टक्के व्हायला सहा-सात तास लागतील. हा आकडा वाचून कुणीही निश्चिंत होऊ नये, म्हणून लगेच पुढचे सांगतो. मिथेनची घनता हवेच्या निम्म्याहून किंचित अधिक असल्याने तो वर जातो आणि छतालगत, माळ्यावर किंवा वरच्या बंद फडताळात त्याचा थर सरासरीच्या कितीतरी आधी त्या मर्यादेत पोहोचतो. शिवाय नळी निसटली किंवा फाटली तर वायू बर्नरच्या बारीक छिद्रातून येत नाही, तो अनेक पटींनी वेगाने येतो, आणि मग हिशेब तासांचा राहत नाही.

सिलिंडरमध्ये मिळणाऱ्या द्रवरूप पेट्रोलियम वायूचे वागणे याच्या उलट असते. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, ओट्याखाली आणि गटाराच्या तोंडाशी साठतो, आणि साधारण २ टक्क्यांनाच पेटू शकतो. ज्यांच्या घरी सिलिंडर आहे त्यांनी केवळ वरची झरोकावजा खिडकी उघडून समाधान मानू नये. दार उघडून जमिनीलगतची हवा बाहेर जाईल असे पाहावे.

वासाची आणखी एक मर्यादा आहे. जमिनीखालच्या वाहिनीतून गळालेला वायू मातीतून झिरपत येतो तेव्हा माती गंधद्रव्य शोषून घेऊ शकते, आणि नव्या पोलादी नळांच्या आतल्या पृष्ठभागावरही ते काही काळ धरले जाते. म्हणून बाहेरच्या बाजूला वास नसला तरी साचलेल्या पाण्यातून येणारे बुडबुडे, एकाच पट्ट्यातले कारणाशिवाय वाळलेले गवत किंवा जमिनीतून उडणारी माती दिसली तर तीही गळतीचीच खूण मानावी.

मधला जिना

चर्चा उपयुक्त आहे, पण दोन बाबतींत मला स्पष्टता हवी आहे. एक म्हणजे भ्रमणध्वनीमुळे वायू पेटतो हे कितपत खरे आहे? दुसरे म्हणजे काही ठिकाणी "खिडक्या उघडा" असे सांगितलेले असते, तर काही ठिकाणी "खिडक्या उघडण्यात वेळ घालवू नका, थेट बाहेर पडा" असे. दोन्ही सल्ले जाणकारांचेच असतात. मग सामान्य माणसाने कोणता पाळावा?

निवृत्त अग्निशामक

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. भ्रमणध्वनीतून ठिणगी पडून वायू पेटण्याची शक्यता विजेच्या खटक्याच्या तुलनेत फारच कमी आहे, हे मान्य. तरीही फोन बाहेर जाऊनच करावा असा आमचा आग्रह असतो, आणि त्याचे मोठे कारण ठिणगी हे नाही. माणूस फोनवर बोलू लागला की जागीच थांबतो. पत्ता सांगतो, पलीकडच्या प्रश्नांना उत्तरे देतो, आणि ती दोन-तीन मिनिटे तो वायूने भरलेल्या घरात उभा असतो. तेच बोलणे रस्त्यापलीकडे उभे राहून करावे.

खिडक्यांविषयीचे दोन सल्ले दोन वेगळ्या प्रसंगांसाठी आहेत. सौम्य वास असेल तर खिडकी उघडल्याने वायूचे प्रमाण खालच्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून ती उघडावी. पण खोली वायूने गच्च भरलेली असेल आणि प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेले असेल, तर ताजी हवा आत येताना तेच मिश्रण विरळ होत होत स्फोटक टप्प्यातून खाली उतरते. त्या वेळी आपण खिडकीशी झटत उभे असता कामा नये. प्रमाण किती आहे हे घरच्या माणसाला मोजता येत नाही, म्हणून मी लोकांना एवढेच सांगत असे: वास फार तीव्र वाटला किंवा आवाज आला, तर खिडकी विसरा. बाहेर पडताना दार मात्र उघडे राहू द्या.

सेवेत असतानाचा एक प्रसंग सांगतो. एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर गळती असल्याचे कळवणारा गृहस्थ स्वतः बाहेर येऊन उभा होता, त्याने सर्व काही अगदी नीट केले होते. आम्ही जिना चढत असताना वरच्या मजल्यावरचा एक तरुण, चांगल्याच हेतूने, त्या घरात कुणी राहिले तर नाही ना हे पाहण्यासाठी दारावरच्या घंटीकडे बोट नेत होता. माझ्या सहकाऱ्याने त्याचे मनगट धरले तेव्हा बोट आणि बटण यांत वीतभरसुद्धा अंतर नव्हते. आमच्या हातातले मापक त्या जिन्यातही वायू दाखवत होते. त्या दिवसापासून मी प्रत्येक ठिकाणी घंटीचा उल्लेख आवर्जून करतो. उद्वाहकही वापरू नये, आणि इमारतीखाली लावलेली गाडी दूर नेण्यासाठी ती सुरू करायला जाऊ नये.

गळणारा वायू आधीच पेटलेला असेल तर नियम बदलतो, आणि हा भाग लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. नळीच्या तोंडाशी ज्योत असताना पाणी मारून किंवा कापड टाकून ती विझवू नये. ज्योत विझते, पण वायू येतच राहतो. तो न जळता खोलीत पसरतो आणि नंतर एकदम पेटतो. सुरक्षितपणे हात पोहोचत असेल तर झडप बंद करावी, म्हणजे ज्योत आपोआप विझेल. हात पोहोचत नसेल तर माणसांना बाहेर काढावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे.

आणि कृपया, "उगाच कुणाला त्रास कशाला" असे म्हणून फोन करणे टाळू नका. काहीही न सापडलेल्या तक्रारींसाठी मी असंख्य वेळा गेलो आहे आणि प्रत्येक वेळी आनंदाने परत आलो आहे.

उंबरठा

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. खिडकी आम्ही उघडली, पण झोपताना पुन्हा लावून घेतली, ही चूक किती मोठी होती ते आता समजले. सासूबाईंना दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणापासून वास नीट येत नाही, हे त्यांनी आता विचारल्यावर सांगितले. इतके दिवस ते कुणालाच माहीत नव्हते. त्या दिवसातला बराच वेळ घरात एकट्याच असतात. गळती ओळखणारे उपकरण बसवावे असे ठरवले आहे. कार्बन मोनॉक्साइडचे उपकरण घेतले तर दोन्ही कामे होतील का?

जोडारी

नाही ताई, ती दोन वेगळी उपकरणे आहेत आणि दोन वेगळे धोके आहेत. कार्बन मोनॉक्साइड हा गळणारा वायू नव्हे. इंधन अपुऱ्या हवेत अर्धवट जळाले की तो तयार होतो. त्याला वास नसतो आणि त्यात गंधद्रव्यही नसते, म्हणून चांगल्या नाकाच्या माणसालाही तो कळत नाही. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे, आणि बाहेरच्या हवेत गेल्यावर बरे वाटणे ही त्याची लक्षणे आहेत. ज्योत निळी न राहता पिवळी, काजळी धरणारी दिसू लागली तर शेगडी किंवा पाणी तापवण्याचे यंत्र तपासून घ्यावे. स्नानगृहात गॅसवर चालणारे पाणी तापवण्याचे यंत्र असेल तर त्याचा धूर बाहेर नेणारी वाट मोकळी आहे ना, हे पाहणे फार महत्त्वाचे आहे.

गळतीसाठी आपल्याला मिथेन ओळखणारे उपकरण हवे. मिथेन वर जातो, म्हणून ते छतापासून साधारण ३० सेंटिमीटरच्या आत, स्वयंपाकघरातच, पण शेगडीच्या अगदी डोक्यावर वाफ लागेल असे नाही, आणि खिडकीच्या झोतातही नाही, अशा जागी लावावे. सिलिंडर असलेल्या घरात तेच उपकरण जमिनीलगत लावावे लागते. खोक्यावर कोणत्या वायूसाठी आहे ते वाचून घ्यावे, चाचणीचे बटण दरमहा दाबून पाहावे आणि आतील संवेदकाची मुदत छापलेली असते ती संपली की उपकरण बदलावे. बटण दाबल्यावर उपकरण आवाज करते म्हणजे ते वायूही ओळखते असे नसते.

नळीवरही मुदत छापलेली असते. आपल्या जुन्या नळीची बहुधा कुणी पाहिली नसावी. नळी शेगडीच्या तापत्या भागाला टेकलेली नसावी, पिळलेली किंवा भिंतीआड दडलेली नसावी, आणि हाताने वाकवल्यावर तिच्यावर चिरा दिसल्या तर मुदतीची वाट न पाहता ती बदलून घ्यावी.

सासूबाईंसाठी सर्वांत उपयोगी गोष्ट मात्र उपकरण नव्हे. रात्री झोपताना आणि त्या घरी एकट्या असताना, शेगडी वापरायची नसेल त्या वेळात, झडप बंद ठेवण्याचा रिवाज घरात लावून घ्या. बंद झडपेपुढच्या नळीतून किंवा शेगडीतून गळती सुरू होण्याचा प्रश्नच राहत नाही.

उंबरठा

आज दुपारी आम्ही तिघांनी मिळून झडप पाहिली. ती ओट्याखालच्या फडताळात, डब्यांच्या मागे होती आणि सासूबाईंचा हात तिथवर पोहोचतच नव्हता. डबे हलवून जागा मोकळी केली. दांडा इतका ताठ होता की त्यांना तो एका हाताने फिरला नाही. दोन्ही हातांनी फिरवल्यावर आडवा झाला. मिथेनचे उपकरणही उद्या बसवत आहोत. बंद केलेली झडप पुन्हा उघडताना काही काळजी घ्यावी लागते का?

जोडारी

होय. झडप उघडण्यापूर्वी शेगडीचे प्रत्येक बटण बंद आहे हे डोळ्यांनी पाहून, हात लावून खात्री करावी, कारण झडप बंद असताना कुणी बटण फिरवून तसेच ठेवले असेल तर उघडताच त्या बर्नरमधून न पेटलेला वायू येऊ लागतो. हे रोजच्या बंद-उघडीसाठी झाले. वास आल्यामुळे झडप बंद केली असेल तर ती घरच्या कुणीही उघडू नये, तपासणारा तंत्रज्ञच उघडेल. आणि दोन्ही हात लावावे लागतील इतका ताठ दांडा योग्य नाही. त्यावर तेल घालू नका, जोर लावून सैल करू नका; ज्या क्रमांकावर आपण गळती कळवली होती त्यांनाच सांगून झडप बदलून घ्या. काम झाल्यावर सासूबाईंना एका हाताने, बसल्या जागेवरून ती फिरवता येते का, हे तंत्रज्ञ निघण्याआधी त्याच्यासमोरच पाहून घ्या.